संपली नाही, गारठलीय

आमच्या घरी थंडी मोजायचं साधन म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. तेल नुसतं गोठलं तर हिवाळा लागला एवढंच. बाटली उलटी धरून बुडावर चार चापट्या मारल्या तरी आतला गोळा जागचा हलला नाही, तर मात्र पारा पाच-सहावर आला असं समजायचं. मग सकाळी पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा येतो आणि आम्हा निफाडकरांची मान उगीचच ताठ होते. त्या आकड्यात आमचं कर्तृत्व काय, हा प्रश्न कोणी विचारू नये.

अशा सकाळी द्राक्षबागाईतदार पहाटेच उठलेले असतात. गारठ्याने मण्यांना तडे जातात, म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं, अशी त्यांची धावपळ चालू असते. मीही उठलेला असतो, पण माझं कारण सांगायला जरा लाज वाटते. मी विमान उडवायला निघालेला असतो.

विमान म्हणजे फोमचं, पंख हातभर लांब, सगळं मिळून पन्नास ग्रॅमच्या आत. नाकावर चिमुकला पंखा, पोटात एका सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी. तिचं वजन एक रुपयाच्या नाण्याइतकंच, थोडं इकडेतिकडे. इतक्या हलक्या जिवाला वारा चालत नाही. दुपारची एक झुळूक त्याला थेट शेजारच्या बागेत नेऊन टाकते. हिवाळ्याची पहाट मात्र त्याच्यासाठीच केल्यासारखी असते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन बसते, तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार आणि जड होऊन तळाशी पडून राहते, हलतच नाही. शेकोटीचा धूर थोडा वर चढतो आणि मग कोणीतरी हात फिरवल्यासारखा आडवा पसरतो. तो पसरलेला धूर दिसला की मी रिमोट उचलतो.

आणि ही गार हवा उडायलाही चांगली. मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारपेक्षा पाच अंशांची हवा सुमारे १२ टक्क्यांनी दाट असते. दाट हवेत पंखांना टेकायला जास्त मिळतं, विमान हळू जाऊनही पडत नाही. मेमध्ये जिथे ते घाबरल्यासारखं पळतं, तिथे जानेवारीत रमतगमत वळतं. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूत पहिलं उड्डाण केलं, तेव्हा तिथली पावसाची डबकी गोठलेली होती. दोघं मधूनमधून खोपटात जाऊन हात शेकत होते. इंजिन जेमतेम ताकदीचं. त्या दिवशीच्या गार, दाट हवेने त्याला हातभारच लावला. पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं.

पण त्यांचं इंजिन पेट्रोलचं होतं. माझ्या विमानात बॅटरी आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिल्या हिवाळ्यात मला हे ठाऊक नव्हतं. रात्री बॅटरी पूर्ण भरली, ४.२ व्होल्ट, आणि सकाळी हाताशी असावी म्हणून खिडकीत ठेवून दिली. सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर विमान हातातून सोडलं. (ओझरचा विमानतळ इथून पुरेसा लांब आहे, हे आधी नकाशावर बघून घेतलं होतं. सुखोई जिथे बनतात तिथल्या आकाशात फोमचं विमान घुसवणं बरं नव्हे.) छान चढलं. मैदानाच्या टोकाला वळवताना जरा जोर दिला आणि पंखा एकदम मिटल्यासारखा थांबला. विमान तरंगत तरंगत कुंपणापलीकडच्या द्राक्षाच्या मांडवात जाऊन अडकलं. पंखा तुटला. थंडीत ते प्लॅस्टिक पापडासारखं होतं, हेही त्याच दिवशी कळलं.

शेजारचा पोरगा बरोबर होता. म्हणाला, "आजोबा, बॅटरी संपली का?"

मलाही तसंच वाटलं. पण घरी येऊन चहा होईपर्यंत बॅटरी टेबलावर पडून होती, आणि सहज मीटर लावला तर ३.९ व्होल्ट! म्हणजे अर्ध्याहून जास्त भरलेली. मग वाचायला बसलो. बॅटरी वीज देते ती आतल्या द्रवातून लिथियमचे आयन इकडून तिकडे गेल्यामुळे. गारठ्यात हा द्रव गोठत नाही, पण दाटतो. आयनांची चाल मंदावते, आतला अडथळा वाढतो. मोटर थोडं मागत असेल तोवर निभावतं. एकदम जास्त मागितलं की व्होल्टेज खाली बसतं आणि विमानातलं सर्किट समजतं की बॅटरी रिकामी झाली. तिला इजा होऊ नये म्हणून ते मोटरची वीज तोडून टाकतं. शिवाय दाट हवा घुसळायला पंख्याला जास्त जोर लागतो, म्हणजे मागणीही वाढलेली. जी हवा विमानाला उचलून धरते तीच बॅटरीची दमछाक करते.

म्हणजे वीज होती. बाहेर येऊ शकत नव्हती.

हे मला नवं असायचं काही कारण नव्हतं. थंडीत विरजण लागत नाही म्हणून आई दह्याचं पातेलं जुन्या घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवायची. दूध तेच, विरजणही तेच, फक्त ऊब कमी. नोकरीच्या काळात माझी जुनी स्कूटर जानेवारीत सकाळी आडवी केल्याशिवाय चालू व्हायची नाही. अख्खी गल्ली तेवढ्या वेळात स्कूटरी आडव्या करून उभी असायची, नमस्कार-चमत्कारही तसेच वाकून. पण बॅटरी म्हटलं की आपल्याला भांडंच आठवतं: भरलेलं किंवा रिकामं. भरलेली असूनही ती देऊ शकणार नाही, हे पटायला मला विमान मांडवात अडकवावं लागलं.

तेव्हापासून बॅटऱ्यांची जागा ठरली. स्वेटर, त्याच्या आत सदरा, त्याच्या आत बंडी, आणि बंडीचा छातीवरचा खिसा. तिन्ही बॅटऱ्या घरून निघताना तिथे जातात, तोंडं टोपणाने झाकून. खिशात किल्ली किंवा सुटे पैसे अजिबात नकोत. दोन टोकं जुळली तर छाती शेकून निघायची. उडवायच्या क्षणी एक काढायची, विमानात बसवायची, लगेच सोडायचं. पहिलं मिनिट सबुरीनं. एकदा वीज वाहू लागली की आतल्या अडथळ्यामुळेच ती थोडी तापते आणि आपलं आपण सांभाळते. पण इतका छोटा सेल वाऱ्याच्या झोतात पटकन निवतोही. उन्हाळ्यात सात मिनिटं उडणारं विमान चार-साडेचार मिनिटांत उतरवतो. उतरलेली गार बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, हेही शिकलो. शून्याखाली तर कधीच नाही. तिथे लिथियम आत मुरायचं सोडून ग्रॅफाइटवर धातू होऊन साचतं आणि सेल कायमचा बिघडतो, प्रसंगी धोकाही होतो.

शून्याखालची गोष्ट मला पुतण्याकडून कळते. तो मिनेसोटात असतो. तिथली तळी हिवाळ्यात अशी गोठतात की लोक त्यांवर गाड्या नेतात. तो चाकं काढून विमानाला घसरपट्ट्या लावतो आणि तळ्यालाच धावपट्टी करतो. हात रिमोटसकट एका जाड पिशवीत, वरून बघायला पारदर्शक खिडकी. रिमोटच्या पडद्यावरचे आकडेही गारठून सावकाश बदलतात म्हणे. पांढरं विमान बर्फावर एकदा हरवलं, तेव्हापासून पंख नारिंगी. "काका, तुमच्याकडे बॅटरी खिशात ठेवतात, मी गाडीत हीटर लावून ठेवतो," असं म्हणाला. त्याला बंडी शिवून पाठवावी का, असं मनात आलं होतं.

याहून गार जागी उडालेलं विजेचं यान मला एकच माहीत आहे, आणि ते विमान नव्हे, हेलिकॉप्टर. मंगळावरचं इंजेन्युइटी. वजन १.८ किलो, पोटात लिथियमचे सहा सेल. १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा ३९ सेकंद उडालं. तिथे रात्री उणे ऐंशी-नव्वद अंश, आणि हवा पृथ्वीच्या एक टक्का, म्हणजे दाट हवेचा आधारही नाही. दिवसभरात सूर्याकडून मिळवलेल्या विजेतली बरीचशी ते उडण्यात खर्चतच नसे; रात्रभर स्वतःला ऊब देण्यात घालवी. २०२२ च्या मंगळी हिवाळ्यात धूळ वाढली, ऊन कमी पडलं, रात्रभर शेकण्याइतकी वीज उरेना. एकदा तर संपर्कच तुटला. मग नासाच्या लोकांनी ठरवलं की रात्री गारठू दे, आणि तरीही ते पुन्हा उठून उडालं. राइट बंधूंच्या त्या विमानाच्या पंखाच्या कापडाचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा त्याच्यावर बांधलेला होता. डबकी गोठलेल्या सकाळचा तुकडा.

आज सकाळी दोन उड्डाणं झाली. तिसरी बॅटरी काढायला स्वेटरात हात घातला, तर बागेवरचा धूर एका बाजूला कलायला लागलेला दिसला. ऊन जमिनीत उतरलं होतं, वारा निघाला होता. पोरगा म्हणाला, "एक राहिलीय ना, आजोबा." म्हटलं, राहू दे. विमान पिशवीत घातलं.

पण भरलेली बॅटरी तशीच ठेवूनही चालत नाही. दिवसचे दिवस काठोकाठ भरून राहिली तर तीही खराब होते. अर्ध्यावर आणावी लागते. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यापाशी विमान हातात धरून उभा राहिलो आणि पंखा चालू केला.

आतून आवाज आला, "अहो, एवढ्या गारठ्यात पंखा कसला लावलाय?"