घागर भरायची की नाही?

खानदेशात आखाजीला दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, आणि त्याच घरात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरली जाते. वर आंबा, खरबूज, सोबत सांजोऱ्यांचा नैवेद्य. जो गेला त्याची घागर भरतात, जो आहे त्याची भरत नाहीत. पण घरातला माणूस युद्धावर गेला, परत आला नाही, आणि त्याचा देहही कोणी पाहिला नाही, तर त्या घरानं काय करायचं? भरली तर आपल्याच हातानं त्याला मारल्यासारखं होतं. नाही भरली तर कदाचित तो तहानलेला राहतो. या देशात अशी घरं आहेत, आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ ती या प्रश्नापाशी उभी आहेत.

धुळे जिल्ह्याला या यातनेची चव फार जुनी नाही. २९ सप्टेंबर २०१६ रोजी बोरविहीरचा एक जवान नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. बातमी ऐकून त्याच्या आजीनं प्राण सोडला. तेव्हा धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे हेच संरक्षण राज्यमंत्री होते. दोन्ही सैन्यांत बोलणी झाली, पाठपुरावा झाला, आणि २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा सीमेवरून परत आला. जवळजवळ चार महिने त्या घरानं जे सोसलं ते खानदेशानं जवळून पाहिलं. तो परत येऊ शकला, कारण पहिल्या दिवसापासून त्याचं नाव घेतलं गेलं आणि पलीकडच्यांनी शेवटी तो आपल्याकडे आहे हे मान्य केलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पकडले गेलेले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान तीन दिवसांत परतले, त्याचं कारणही हेच. साऱ्या जगानं त्यांना जिवंत पाहिलं होतं.

ज्यांना कोणी पाहिलं नाही, त्यांचं काय झालं ते १९७१ च्या युद्धानं दाखवून दिलं.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे वैमानिक. सुखोई-७ हे बॉम्ब टाकणारं लढाऊ विमान ते चालवत. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं विमान पडलं. त्याच सुमारास एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली, आणि त्यांत तांबे यांच्या नावाशी जुळणारं एक नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या खेळाडू. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सिमला करार झाला, कैद्यांची देवाणघेवाण झाली. भारतानं सुमारे ९३,००० कैदी परत पाठवले, त्यांत नागरिकही होते. तिकडून जे आले त्यांत विजय तांबे नव्हते. १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानच्या ताब्यात असल्याची शक्यता असलेल्या चाळीस जणांची यादी लोकसभेत ठेवली. पुढे हा आकडा ५४ वर स्थिरावला. १९८३ आणि २००७ मध्ये काही नातेवाइकांना पलीकडचे तुरुंग दाखवले गेले, पण आपलं माणूस कोणालाच भेटलं नाही. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे असा कोणीही कैदी नाही. आपलं सरकार यादी बाळगून आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माणसांची सारी आयुष्यं गेली.

वैमानिकच इतक्या संख्येनं बेपत्ता का होतात, हे समजून घ्यायला हवं. पायदळाचा शिपाई पडतो तेव्हा शेजारचा शिपाई पाहत असतो. तो पुढे सांगू शकतो, इथे पडला, असा पडला. बॉम्बफेकी विमान शत्रूच्या प्रदेशात, बहुधा रात्री, एकटं पडतं. जे साक्षीदार असतात तेही त्याच विमानात असतात. विमान पेटतं, शेतात रुततं, समुद्रात जातं. ज्यांच्या हाती अवशेष लागतात ते शत्रू असतात, आणि लिहून ठेवायचं की नाही हे तेच ठरवतात.

त्यातही विमानाची रचनाच कोणाला वाचवायचं ते ठरवून टाकते. आपल्या हवाई दलाची मुख्य बॉम्बफेकी विमानं तेव्हा कॅनबेरा होती. एक वैमानिक, एक नॅव्हिगेटर. या विमानाच्या आपल्याकडच्या हल्ल्याच्या प्रकारात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची होती, नाकाडात नकाशे घेऊन बसणाऱ्या नॅव्हिगेटरला ती नव्हती. त्याला दारापर्यंत सरपटत जाऊन स्वतः उडी मारायची होती. सप्टेंबर १९६५ मध्ये असं एक विमान शत्रूच्या लढाऊ विमानानं पाडलं. वैमानिक बाहेर पडून कैदी झाला, नॅव्हिगेटर विमानाबरोबर गेला. दोघं एकाच धावपट्टीवरून निघाले होते. आपण युद्धकथा सांगताना नेहमी वैमानिकाचं नाव घेतो. त्या दुसऱ्या माणसाचं नाव किती वेळा घेतलं जातं?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं मेली. लँकेस्टर विमानात सात जण असत. विमान पडलं की सात घरांत तार जायची, आणि पहिल्या तारेत बहुधा ‘बेपत्ता’ एवढंच असायचं. पण युद्ध संपत आलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलानं बेपत्तांच्या शोधासाठी वेगळी यंत्रणाच उभी केली. तिची माणसं युरोपभर गावोगाव फिरली. शेतकऱ्यांना विचारलं, पाद्र्यांच्या नोंदी पाहिल्या, अनोळखी थडगी उकरली, कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणांवरून आणि इंजिनाच्या क्रमांकांवरून माणसं ओळखली. बेपत्ता सुमारे ४२,००० होते. निम्म्याहून जास्त जणांची कबर सापडून तिच्यावर नाव लागलं. ज्यांची सापडलीच नाही, त्या वीस हजारांहून अधिक जणांची नावं लंडनजवळ रनिमीडच्या स्मारकावर कोरली आहेत. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे मराठी गृहस्थ ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टरचे नॅव्हिगेटर होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. ते ज्या विमानांतून जात, त्यांपैकी एक आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. त्या विमानात कोणत्या रात्री कोण बसलं होतं, हे आज ऐंशी वर्षांनी शोधता येतं, कारण प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवली गेली आणि जपली गेली.

यावर कोणी म्हणेल, हे बॉम्ब टाकणारे लोक. खाली मेलेल्यांचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळू नये. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये हजारो बायका-मुलं या विमानांनी होरपळून मारली. त्या हल्ल्यांना मी शौर्य म्हणणार नाही. पण ज्या न्यायानं आपण खालच्या मुलाचा हिशेब मागतो, त्याच न्यायानं वरच्या एकवीस वर्षांच्या पोराचाही मागायला हवा. त्याला पाठवणारे वेगळे होते. त्याचं काय झालं हे त्याच्या आईला सांगण्याचं ऋण त्यांच्यावर राहतं. उद्या पलीकडच्या एखाद्या घरानं आपल्याला हाच प्रश्न विचारला, तर आपल्या कागदपत्रांत शोधून खरं उत्तर द्यावं लागेल. युद्ध संपताच कैदी विनाविलंब सोडावेत, मृतांची ओळख नोंदवून कळवावी, हा १९४९ च्या जिनिव्हा करारांतला नियम दोन्ही देशांनी मान्य केला आहे.

आता आपल्याकडे पाहू. युद्ध आलं की खानदेश मागे राहत नाही. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध कारखान्यांत आपलीच माणसं रात्रपाळी करतात. गावागावांतली मुलं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. जवानाचं पार्थिव आलं की गाव रस्त्यावर उतरतो, फलक लागतात, घोषणा होतात. यात खोटं काही नाही. पण पार्थिव आलंच नाही तर? मग मिरवणूक नाही, पुतळा नाही, दरवर्षी फुलं वाहायची तारीखही नाही. महाराष्ट्रात काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढंच त्यांवर लिहिलेलं. नावं नाहीत. राज्य परकं होतं, त्याला आकडा पुरला. स्वतःचं राज्य आल्यावरही आपल्याला आकडाच पुरतोय, हे मला फार लागतं. ‘चोपन्न’ म्हणायला सगळ्यांना येतं. त्या चोपन्नांत अशोक बळवंत ढवळे हे मराठी नाव आहे, हे किती जणांना माहीत आहे?

आणि सर्वांत जड ओझं आपण बाईवर टाकतो. पतीचा पत्ता नसलेल्या स्त्रीची गाव रोज एक परीक्षा घेत असतो. कुंकू लावलं तर कुजबुज, नाही लावलं तर जास्त कुजबुज. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, ओटी भरावी की नाही, लग्नाच्या हळदीला तिचा हात लागावा की नाही, हे ठरवायला सगळे तयार. तिला मात्र कोणी विचारत नाही. ज्या आसोद्याच्या मातीतल्या बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं आणि ज्यांनी त्या दुःखाला ताठ मानेनं शब्द दिले, त्यांची गाणी आपण शाळेत पाठ करतो. आणि घरी येऊन तीच बांगडी, तेच कुंकू मोजत बसतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक गावानं तो ठराव करावा, आणि त्यात बेपत्ता माणसाच्या पत्नीचा वेगळा उल्लेख करावा. तिनं कुंकू लावावं की नाही हा तिचा प्रश्न. गावाच्या हळदीकुंकवाला तिचं बोलावणं मात्र ठरलेलं असावं.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दमयंती तांबे यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्या लढत राहिल्या, नोकरी केली, सरकारांचे दरवाजे ठोठावले. तो त्यांचा निर्णय, आणि त्यापुढे मान झुकते. पण आपला समाज असं उदाहरण लगेच उचलतो आणि बाकीच्या बायकांच्या डोक्यावर ठेवतो: बघा, अशी वाट पाहावी. सावित्रीच्या नावाखाली आपण हेच करत आलो. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरायला परवानगी देतो, हिंदू विवाह कायदा विवाह संपवायची वाट देतो. ज्या बाईला थांबायचं आहे तिनं थांबावं, जिला पुढे जायचं आहे तिनं जावं. दोघींच्या अंगणात आपण सारख्याच आदरानं जायला हवं. सासूसासऱ्यांनी तर आधी. सुनेनं दुसरा संसार मांडला म्हणून मुलगा दुसऱ्यांदा मरत नाही.

सरकारकडे मागायचं तेही ठाम मागावं. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं या ५४ जणांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याचा आदेश केंद्राला दिला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. अधिकृत यादी आज ८३ बेपत्तांची आहे, त्यांत ते ५४ आले. एवढ्या वर्षांनी ते जिवंत असतील का, हे विचारणाऱ्यांना मी निष्ठुर म्हणत नाही. बहुतेक जण नसतील. आता मागायचं ते सत्य. कुठे पडले, कोणी पुरलं, कोणत्या तुरुंगात किती दिवस होते, आपल्या फायलींत कोणी काय लिहिलं. ब्रिटिशांनी धोब्याच्या खुणेवरून माणूस ओळखला. आपल्याकडे नावं आहेत, तारखा आहेत, ठिकाणं आहेत. स्क्वाड्रनच्या जुन्या नोंदी, चौकशीचे कागद कुटुंबांसमोर तरी उघडे करायला काय हरकत आहे?

तोवर गावानं थांबायचं कारण नाही. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात. तालुक्यातून युद्धावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव, परत आलेला, मेलेला, बेपत्ता, असं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावं. पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करावी. शाळेतल्या मुलांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावं, आणि जे कळेल ते वहीत उतरवून घ्यावं. १९७१ साली विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेलेली आहेत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम सुरू झालं तर बरं.