प्रश्नास उत्तर देण्याचा अपराध

१९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर मुंबईत जो खटला चालला, त्यातील आरोपाचे स्वरूप आठवले की मन आजही विषण्ण होते. कारण वाचकांनी आपल्या कामजीवनाविषयी पत्रांतून जे खाजगी प्रश्न विचारले, त्यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शास्त्रीय उत्तरे दिली, एवढाच त्यांचा अपराध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी २०० रुपये दंड झालाच. त्याआधी, १९३१ साली, त्यांना प्रथम न्यायासनापुढे खेचणारी मंडळी पुण्याची होती, हे पुणेकर म्हणून मला नमूद केलेच पाहिजे. याच पुण्यात ते शिकले आणि पुण्याजवळच्या हिंगण्यात त्यांच्या वडिलांनी, महर्षी कर्व्यांनी, विधवांना आश्रय दिला होता.

लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी संततिनियमनाचे केंद्र उघडले त्याच १९२१ साली कर्व्यांनी मुंबईत आपले केंद्र काढले, त्या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालविले. कामजीवन हा आरोग्याचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका त्या मासिकाचे नावच सांगते. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात, शरीरसंबंधास संमतीचे मुलीचे किमान वय दहावरून बारावर न्यावे की नाही यावर पुण्यात रण माजले तेव्हा, शास्त्राधार आणि परकीय सरकारचा अधिकार यांचीच चर्चा अधिक झाली, त्या मुलीच्या देहाची फारच थोडी. कर्व्यांनी मात्र हा विषय धर्मपीठावरून उचलून दवाखान्यात आणला.

तेथे तो अजूनही पुरता पोहोचलेला नाही. २००७ साली तर महाराष्ट्र शासनाने लैंगिक शिक्षण देणाऱ्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमास शाळांतून मज्जाव केला. माझ्या शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जात असे, आणि आम्ही तो घरी नव्हे, मागच्या बाकावर, चुकीच्या माणसांकडून शिकलो. त्या अज्ञानास आपण शालीनता समजलो. पण पहिल्या पाळीचा डाग पाहून आपल्याला काही भयंकर आजार जडला असे मानणारी मुलगी, किंवा स्वप्नदोषाने खचून भोंदू वैद्याच्या भजनी लागणारा मुलगा, हे शालीनतेचे नव्हे, उपेक्षेचे बळी आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते. ज्यांना संसार सोपविताना आपण कचरत नाही, त्यांना त्यांचे गर्भाशय समजावून सांगताना मात्र आपली जीभ अडखळते.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहे. परंतु केसपेपरच्या खिडकीवर, चारचौघांच्या देखत, ‘काय होतंय?’ असे विचारले गेल्यावर कोणती पोर खरे सांगेल? त्यात बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने अशा प्रकरणाची पोलिसांना वर्दी देणे सक्तीचे केल्यामुळे गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी डॉक्टरासही भिते. अशा मुलीच्या गर्भपाताच्या प्रसंगी, तिने व पालकांनी विनंती केल्यास, वर्दीत तिचे नाव कळविण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले, पण ही मुभा तिच्या वस्तीपर्यंत कोण नेणार?

पुण्याच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील तेव्हा सातवीपासूनच्या प्रत्येक वर्गात एक कुलूपबंद पेटी ठेवावी, मुलामुलींना तीत निनावी चिठ्ठ्या टाकू द्याव्यात, आणि महिन्यातून एकदा डॉक्टरास बोलावून त्यांतील एकही चिठ्ठी न वगळता उत्तरे द्यावीत.