घरचा वाफा, बाजारचा वाफा
सावतोबांनी अरणच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. मग दिग्रसच्या बाजारात भाजी नेणाऱ्या माळकऱ्याने घरच्यासाठी शेणखताचा वाफा राखावा अन् विकायला फवारलेला, हा कुठला परमार्थ?

2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी-मजूर दगावले. आपल्याच जिल्ह्यातले सुभाष शर्मा रसायनांवाचून शेती करतात; 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

डोक्यावर कर्ज, पिकावर कीड. एकदम औषध सोडा म्हणणे सोपे नाही, बाबांनो. पण फवारले असेल तर गिऱ्हाइकास खरे सांगावे. निदान एक वाफा असा करावा, की ज्याची भाजी घरी नि बाजारी एकच. घेणाऱ्यानेही तिला दोन पैसे जास्त द्यावे. पिशवी पुढे करणारा विठ्ठलच समजावा; त्याला विष कोण घालील?