न कळणाऱ्या प्रश्नावर मत द्यावं का?

कॅलिफोर्नियात मतदान म्हणजे फक्त माणसं निवडणं नव्हे. नोव्हेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंतची सगळी नावं संपली की राज्याचे १० प्रश्न सुरू होत होते, आणि त्यांच्या खाली आमच्या गावापुरते आणखी काही. इथे सगळे त्यांना ‘प्रॉप’ म्हणतात, प्रपोझिशनचं लघुरूप. किमान वेतन ताशी १८ डॉलर करावं का? शहरांना घरभाड्यावर आणखी नियंत्रण आणू द्यावं का? शाळांच्या इमारतींसाठी राज्याने १० अब्ज डॉलरचं कर्ज काढावं का? आधी दोनदा चोरीत सापडलेल्याने पुन्हा किरकोळ चोरी केली तर शिक्षा कडक करावी का? हो किंवा नाही. ‘हो, पण...’ लिहायला जागा नाही.

मतपत्रिका टपालाने घरी येते. सोबत राज्य सरकारचं एक जाडजूड पुस्तक. त्यात प्रत्येक प्रॉपचा सारांश, पैशांचा हिशेब, बाजूने कोण आणि विरोधात कोण. आमच्याकडे ते पुस्तक तीन-चार आठवडे जेवणाच्या टेबलावर पडलेलं असतं आणि त्याच्यावर लोणच्याचा एक तरी डाग पडतोच. मी इथली नागरिक झाल्यावर पहिल्यांदा ते पूर्ण वाचायला बसले तेव्हा दहावीच्या परीक्षेसारखं वाटलं. फरक इतकाच, की या पेपरात माझं उत्तर चुकलं तर मार्क दुसऱ्याचे जातात.

प्रश्न तिथेच आहे. ज्या गोष्टीतलं मला नीट कळत नाही, तिच्यावर मी मत द्यावं का?

माझा एक मित्र म्हणतो, देऊ नये. कोरं सोडावं. तो आळशी नाही, उलट आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त वाचणारा तोच. त्याचं म्हणणं सरळ आहे: ज्याला गाडी चालवता येत नाही त्याने ‘माझाही हक्क आहे’ म्हणून स्टिअरिंग धरू नये. जेसन ब्रेनन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने ‘द एथिक्स ऑफ व्होटिंग’ या २०११ च्या पुस्तकात जवळपास हेच मांडलंय. मत देणं हे कर्तव्य नाही. पण द्यायचंच असेल तर विचार करून देणं हे कर्तव्य आहे, आणि ते जमत नसेल तर गप्प बसणं हाच चांगुलपणा. फ्रेंच गणिती काँदोर्से तर १७८५ मध्येच गणित मांडून बसला होता: प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असेल, तर जितके जास्त लोक मत देतील तितका बहुमताचा निर्णय बरोबर ठरण्याची शक्यता वाढते. मात्र ती शक्यता निम्म्याहून कमी असेल तर गर्दी वाढेल तसा गोंधळही वाढतो.

ऐकायला पटतं. मलाही बराच काळ पटत होतं. अडचण अशी, की कोरं सोडण्याचा अर्थ काय हे मी ठरवत नाही. ते मोजणीचा नियम ठरवतो.

माझी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. तिच्या गावात दारूच्या दुकानासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ झालं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गुप्त मतदान घेता येतं. चिन्हं दोनच, उभी बाटली म्हणजे चालू आणि आडवी म्हणजे बंद. पण दुकान बंद व्हायला आलेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी शेतात गेली, जी पुण्याला लेकीकडे गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिलं नाही, आणि जी दोन वर्षांपूर्वी वारली पण यादीत राहिली, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. मावशी आणि तिच्या मैत्रिणी मतदानाच्या आदल्या रात्री घरोघर फिरत होत्या ते मन वळवायला नव्हे. मनं वळलेलीच होती. त्या फिरत होत्या ते ‘ये बाई, नुसती ये’ म्हणायला. त्या बायकांना माझ्या मित्राचा शहाणपणा सांगून बघा.

कॅलिफोर्नियात उलट. राज्याच्या प्रॉपला पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त पुरतात; कोरं सोडलं तर मी मोजणीतच नाही. आणि गावपातळीवर आणखी वेगळं. शाळेच्या इमारतींचं कर्ज ५५ टक्क्यांनी मंजूर होतं, पण शिक्षकांच्या पगाराला वगैरे हातभार लावणारा पार्सल टॅक्स शाळा जिल्ह्याने मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात. तिथे एक ‘नाही’ दोन ‘हो’ना अडवतो. तेव्हा मी तटस्थ आहे असं म्हणून पेन खाली ठेवलं, तरी खेळाचे नियम मला कुठे ना कुठे उभं करतातच.

दुसरी अडचण ‘कळणं’ या शब्दाची. कुणाला कळतं? २०१८, २०२० आणि २०२२, अशा लागोपाठ तीन निवडणुकांत आम्हाला डायलिसिस केंद्रांबद्दल विचारलं गेलं. मला मूत्रपिंडाबद्दल जे माहीत आहे ते नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं. मग ज्यांना कळतं त्यांना विचारावं, तर कळणारे दोनच: केंद्रं चालवणाऱ्या कंपन्या आणि तिथल्या कामगारांना संघटित करू पाहणारी युनियन. दोघांनी टीव्हीवर पांढरा कोट घातलेली माणसं उभी केली. तिन्ही वेळा प्रॉप पडलं. २०२० मध्ये ॲपवरच्या ड्रायव्हरांना कर्मचारी मानायचं की नाही हा प्रश्न आला, प्रॉप २२, तेव्हा ॲप कंपन्यांनी प्रचारावर २० कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि जिंकल्या. त्या महिन्यात माझ्या टपालपेटीत आलेली चकचकीत पत्रकं वाचून मी ‘माहितीपूर्ण मतदार’ झाले असं म्हणायचं का? काँदोर्सेच्या गणितात अशी पत्रकं धरलेली नाहीत. त्याच्या हिशेबात प्रत्येक जण स्वतंत्रपणे विचार करतो.

‘ज्याला कळतं त्यानेच’ या वाटेने पुढे गेलं की माणूस कुठे पोचतो हेही आपल्याला नवीन नाही. सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सगळ्या प्रौढांना मताधिकार मागितला आणि साक्षरतेची अट नाकारली. ज्यांना शाळेच्या दारातही उभं केलं नाही, त्यांना पुन्हा ‘तुम्हाला वाचता येत नाही, मग मत कसलं’ म्हणणं म्हणजे आधीच्या अन्यायावर दुसरा अन्याय. अक्षर न येणं म्हणजे अक्कल नसणं नव्हे. माझा मित्र म्हणेल, मी कुणाचा हक्क काढून घेत नाहीये, मी स्वतःपुरतं बोलतोय. बरोबर आहे. पण गप्प बसण्याचा सल्ला ऐकतं कोण? ज्याला आधीच स्वतःबद्दल शंका आहे तो. ज्याला सगळं कळतं अशी खात्री आहे तो कधी कोरं सोडत नाही.

इथवर प्रश्न माझ्या डोक्याचा होता. पुस्तक वाचता वाचता तो बदलत गेला. मला कळतं का, यापेक्षा हे भोगायचं कुणाला आहे हा प्रश्न मोठा व्हायला लागला.

ही पद्धत कॅलिफोर्नियात आली १० ऑक्टोबर १९११ ला. सदर्न पॅसिफिक रेल्वेने विधिमंडळ खिशात घातलंय, तेव्हा लोकांनाच थेट कायदा करता आला पाहिजे, असं गव्हर्नर हायरम जॉन्सनचं म्हणणं. लोकांनी ते मंजूर केलं. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता: बायकांना मताधिकार द्यावा का? तो ठरवला फक्त पुरुषांनी. जेमतेम मंजूर झाला, साडेतीन हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने.

नऊ वर्षांनी, १९२० मध्ये, लोकांनी याच हक्काने एक कायदा केला: ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन घेता येऊ नये, खंडानेसुद्धा नाही. रोख जपान्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असं ठरवलं आणि तोच कायदा इथल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या मानेवर बसला. नागरिक नाही म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून जमीन नाही. १९५६ मध्ये लोकांनीच मतदान करून तो कायदा रद्द केला. १९६४ मध्ये घर विकताना-भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा लोकांनी ६५ टक्के मतांनी उलटवला; तो कौल न्यायालयांना मोडावा लागला. या सगळ्यांत मत देणाऱ्यांना विषय ‘कळत’ नव्हता असं मला वाटत नाही. चांगला कळत होता.

म्हणून प्रॉप ६ वर मी कोरं सोडलं नाही. कॅलिफोर्नियाच्या संविधानात गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालते. ती तरतूद काढावी का, असा २०२४ चा प्रश्न. तुरुंगाच्या अर्थकारणातलं मला काही कळत नाही. एवढं माहीत होतं, की वणवे विझवणाऱ्या कैद्यांना तेव्हा दिवसाला ६ ते १० डॉलरच्या आसपास मिळत आणि राज्याच्या तुरुंगातल्या माणसाला मत नसतं. मी ‘हो’ केलं. सरकारी पुस्तकात या प्रॉपच्या विरोधात कुणी एक ओळ लिहून दिली नव्हती, तरी ते पडलं. दोनच महिन्यांनी लॉस एंजेलिस पेटलं तेव्हा हजाराहून जास्त कैदी आगीसमोर उभे होते.

आमच्या गावाच्या पार्सल टॅक्सवर मात्र असं सोपं नव्हतं. माझी एक मैत्रीण चौदा वर्षं इथे राहते, एच-वन व्हिसावर. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे, की तिचा मुलगा बालवाडीतून आठवीत आला तरी तिला अजून मत नाही. घर आहे, कर भरते, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला समोसे तीच करते. तिने मला सांगितलं, “अगं, तू दे ना ‘हो’, आमच्या वतीने.” आणि समोरच्या घरातल्या आजी. त्यांनी घर घेतलं ऐंशीच्या दशकात. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे घराचं करपात्र मूल्य विकेपर्यंत वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढत नाही, त्यामुळे आमच्या दोघींच्या घरांचा नकाशा एकच असला तरी त्यांचा कर माझ्या करापुढे किरकोळ आहे. हेही मी जन्मायच्या आधी कुणीतरी माझ्यासाठी मत देऊन ठरवलेलं. पण पार्सल टॅक्स घरामागे सारखा असतो, आणि आजी पेन्शनवर. पासष्टच्या पुढच्यांना सूट होती, पण अर्ज करावा लागणार होता. मी त्यांना ते सांगितलं तर म्हणाल्या, सूट मागायला त्यांना आवडत नाही.

मैत्रिणीला मी शब्द दिला नाही. तिला वाईट वाटलं, आणि ते मला दिसलं. पण मत हे कुरिअर नव्हे, की एकीचं पार्सल दुसरीने पोचवावं. शब्द दिला असता तर आजींचं ऐकून घेण्यात काही अर्थच उरला नसता. तिचं ऐकणं मला भाग होतं; तिच्या सांगण्यावरून हात हलवणं भाग नव्हतं. शेवटी मी ‘हो’ केलं, कारण आजींना वाट होती, न आवडणारी का होईना. आठवीतल्या मुलाला नव्हती. निम्म्याहून बरीच जास्त मतं ‘हो’ला पडली, पण दोन तृतीयांश झाली नाहीत. एखादी गोष्ट पाडायला एक तृतीयांश लोक पुरावेत, हे मला अजून पचत नाही. आजींना विचाराल तर त्या म्हणतील, तेवढी एकच गोष्ट त्यांना वाचवते.

मित्राचं म्हणणं मी पूर्ण सोडलेलं नाही. प्रॉप ३४ मी कोरं ठेवलं. औषधांवरच्या सवलतीतून मिळालेला पैसा आरोग्यसंस्थांनी कुठे खर्च करावा, असा वरवर प्रश्न. वाचत गेल्यावर लक्षात आलं, की अटी अशा लिहिल्यात की त्या एकाच संस्थेला लागू व्हाव्यात, आणि ती संस्था घरभाडे नियंत्रणाच्या प्रॉपला पैसे पुरवत होती. घरमालकांच्या संघटनेने जुना हिशेब चुकता करायला मतपत्रिका वापरली होती. रुग्णांचं त्यात भलं की बुरं, हे मला दोन संध्याकाळी घालवूनही सापडलं नाही, आणि ज्याला विचारावं असं कुणी नव्हतं. ते जेमतेम ५१ टक्क्यांनी मंजूर झालं. मित्राने विचारलं, आता वाटतं का दिलं असतं तर बरं? मी म्हटलं, कुठल्या बाजूने?