दस्ता, हात आणि नियत

गेल्या हिवाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी वहीच्या कागदावर काढलेले एक चित्र घेऊन घरी आला. हा मुलगा आता जळगावच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. हातात कसब आहे. चित्र त्याच्या आजोबांच्या बंदुकीचे होते. असोद्याच्या शिवारात त्यांची थोडी केळी आणि कपाशी आहे. पिकाच्या राखणीसाठी फार वर्षांपूर्वी त्यांनी परवाना काढून एकनळी बारा बोअरची बंदूक घेतली होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निवडणूक झाली की परत येते. एरवी ती कपाटात असते. तिच्या दस्त्याला आता चीर गेली आहे.

मुलाच्या मनात होते की चिरलेला दस्ता काढून टाकावा आणि अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता घरीच घडवावा. नळी उघडण्याचा खटकाही लांब आणि पितळी करावा, अंगठ्याला न पाहता सापडेल असा. कुठल्याशा इंग्रजी सिनेमात त्याने लिव्हरची रायफल पाहिली होती. ते वेड डोक्यात होते.

"सर, लकडीच तो बदलनी है. इसमें गलत क्या है?"

आमच्या तोंडून पहिले उत्तर निघाले ते असे : "हात लावू नकोस. दिवस कसे आहेत, तुला ठाऊक नाही का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मतलब डरने की बात है, गलत बात नहीं है?"

या प्रश्नाने आम्हाला शरम वाटली. वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की वाईट गोष्ट वाईट आहे म्हणून सोडावी, कोणी पाहते म्हणून नव्हे. आणि वेळ आली तेव्हा आम्ही त्याला कायद्याचे भय दाखवले, तेही केवळ नावाला चिकटलेले भय. आपल्या समाजात हे रोजचे झाले आहे. घरोघरी मुलांना सांगितले जाते की हे करू नकोस, लोक वेगळा अर्थ काढतील. हे सांगणे खोटे नाही. पण ज्या मुलाला फक्त भय दिले, त्याला आपण नीती दिली असे म्हणता येत नाही. भय संपले की तो मोकळा. म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधणे आमच्यावर कर्ज होते.

आधी त्याची बाजू घेऊ. हत्यार हाताला बसले पाहिजे, हे कोणता कारागीर नाकारील? याच असोद्यात 1880 साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. तिने ज्या घरोटाला गाण्यात आणले, त्या घरोटाचा खुंटा झिजला की बदलावाच लागतो आणि तो दळणारीच्या मुठीत मावेल असाच लागतो. सातपुड्यातला भिल्ल आपले धनुष्य आपल्या बाहूच्या जोरावर बेतून करतो. श्रीनगरला रैनावारीत 'बंदूकखार मोहल्ला' आहे. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या अक्रोडाचे दस्ते घडवले. आपल्याकडच्या शिकलगारांचे नावच अरबी 'सैकल' या शब्दावरून आले. सैकल म्हणजे घासून झळाळी आणणे. सूफींनी हाच शब्द दिलासाठी वापरला. तेव्हा लाकूड तासण्यात आणि धातू घासण्यात पाप नाही. कसब ही अल्लाहची देणगी आहे.

मग अडते कुठे? आम्हाला वाटते, अडते ते खटक्यापाशी.

लिव्हरची रायफल अमेरिकेत 1860 नंतर पसरली. चापाभोवतीचे कडे खाली ओढून वर घेतले की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवी गोळी नळीत येते. या युक्तीचा हेतू एकच, दोन बारांमधला वेळ कमी करणे. 1877 साली प्लेव्हनाच्या लढाईत गाझी उस्मान पाशाच्या तुर्की फौजेजवळ अशा हजारो विंचेस्टर रायफली होत्या. चालून येणारे रशियन सैनिक हजारोंनी पडले. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्लेव्हना पडलेच. पुढे 1939 साली 'स्टेजकोच' या सिनेमात जॉन वेनच्या हातात मोठ्या कड्याची विंचेस्टर आली आणि ते कडे जगभर शोभेची वस्तू झाले. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावर उतरले होते ते हेच.

आता विचार करा. घरोटाचा खुंटा हाताला बसला की हात त्याला विसरतो आणि दळण सोपे होते. विसरण्यात तिथे सुख आहे. बंदुकीत हे विसरणेच घातक. दोन बारांमधला जो क्षणभर वेळ आहे, तेवढ्यातच माणसाला आठवू शकते की समोर कोण आहे. खटका जड असेल, अंगठ्याला शोधावा लागत असेल, तर तो वेळ वाढतो. तो वेळ तासून काढण्याआधी दहादा विचार करावा.

आम्ही हे शिक्षक म्हणून बोलतो. आमच्या लहानपणी छडीला तेल पाजून ठेवणारे गुरुजी होते. छडी जितकी गुळगुळीत, तितकी ती सहज उठे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यावर बंदी आली. छडी हातात नसली की पहिल्या रागाचा क्षण निघून जातो, हे आम्ही वर्गात स्वतः अनुभवले आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. "बंदूक आमची आहे," असे तो म्हणाला. पण ज्या वस्तूची इजा शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत पोचते, तिच्यावर शेजाऱ्याचाही हक्क असतो. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, कोणाला ओरखडा उठू नये, अशी शिकवण पैगंबर (स.) यांनी दिली. उपसलेली तलवार कोणाच्या हाती देण्यासही मनाई केली. बाण त्याचेच आहेत, तरी टोक धरण्याची जबाबदारीही त्याचीच. 1959 चा शस्त्र कायदा वेगळ्या भाषेत हेच सांगतो. बंदूक बनवणेच नव्हे, तिची दुरुस्ती आणि तिच्यात फेरबदल करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या. चोपड्यापलीकडे, बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीची नावे पोलीस कारवाईच्या बातम्यांत येत राहतात. तिथल्या हातांतही कसब आहेच. पण माल कोणाकडे जातो, हे त्या कसबाने विचारले नाही.

उलट प्रश्न येईल. आमच्याच जिल्ह्यात, वरणगावच्या आयुध कारखान्यात गोळ्या बनतात. डबा घेऊन कामावर जाणारा तो कामगार गुन्हेगार आहे का? नाही. पण तिथे प्रत्येक गोळीची नोंद आहे, तिच्याबद्दल कोणी तरी जबाब द्यायला बांधलेला आहे. घरच्या पडवीत रात्री घडलेल्या खटक्याचा जबाब कोण देणार?

आणि तिसरी गोष्ट आम्हाला चित्र पुन्हा पाहताना दिसली. दस्त्याची लांबी त्याने स्वतःच्या खांद्यावरून घेतली होती. परवाना आजोबांच्या नावाचा आणि माप नातवाचे! आजोबा हयात असताना त्यांची वस्तू आपल्या मापाने बेतणे, याला काय म्हणावे? वारसाला बंदूक आपोआप मिळत नाही, त्यालाही परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पण कायद्याच्या आधी अदब आहे. त्याची नियत वाईट नव्हती. पण त्याने आजोबांना विचारलेच नव्हते.

मग भय आणि तकवा यांतला फरक कसा ओळखावा? आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारले. हाच कागद घेऊन दुसऱ्या समाजाचा मुलगा आला असता तर आम्ही हेच सांगितले असते का? आणि गावात पोलीसच नसते तर? दोन्हींचे उत्तर 'होय' आले, तेव्हा आमची शरम थोडी कमी झाली. पूर्ण गेली नाही. कारण पहिले उत्तर भयाचेच होते.

हे सर्व आम्ही त्याला सांगितले. पटले की नाही, त्याने बोलून दाखवले नाही. पुढे आजोबा स्वतः परवान्याचे पुस्तक घेऊन जळगावच्या परवानाधारक दुकानात गेले. चीर बुजली, नोंद झाली, खटका जुनाच राहिला.

परवा तो भेटला. म्हणाला, "सर, खटका अब भी सख्त है. दादा को दोनों हाथ लगते हैं."

आम्ही म्हणालो, "लागू देत."