योगवर्गातील प्रार्थना

योगवर्ग सर्वांना आपलासा वाटावा म्हणून त्यातील प्रार्थना गाळावी काय? आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ जण ‘होय’ म्हणतील. आम्हांस ते पटत नाही.

बी. के. एस. अय्यंगार यांची पुण्यातील संस्था १९७५ साली सुरू झाली. वृद्धांना व आजाऱ्यांना आसने जमावीत म्हणून त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्याही वापरात आणल्या. आसन तेच, आधार मात्र ज्याच्या त्याच्या देहाला साजेसा. वर्गारंभीचे पतंजलींचे स्तवन त्यांनी सोडले नाही. पाहुण्यासाठी घरच्या देव्हाऱ्यावर पडदा ओढणारा यजमान आम्हांला तरी संकोचात टाकतो.

मग आपल्या माणसाने तेथे काय करावे? व्हॅटिकनने १५ ऑक्टोबर १९८९ च्या ध्यानविषयक पत्रात अन्य धर्मांच्या साधनेतील उपयुक्त ते घेण्यास मुभा दिली. ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळू नये, ही अट घातली. ज्याचे मन स्तवनास धजत नाही, त्याने आदराने स्तब्ध बसावे. शिक्षकानेही त्याला ओठ हलवायला लावू नये. (मिस्साला आलेल्या हिंदू शेजाऱ्याकडून आपण तरी क्रुसाची खूण कोठे मागतो?)

गाळागाळीत बहुधा यमच आधी जातात: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. ते तर कोणत्याही ख्रिस्ती घराला परके नाहीत.