डोक्यातील पाण्याची गाठ

मूल पडले म्हणून सीटी स्कॅन काढावा आणि मेंदूशेजारी पाण्याची गाठ दिसावी! आईबापांची झोपच उडते. ही ‘अरॅक्नॉइड सिस्ट’ बहुधा जन्मापासूनची असते, कर्करोग नव्हे. पुष्कळांना तिचा कधीच त्रास होत नाही. उलट्या, मंद होणारी दृष्टी, बाळाचे भराभर वाढणारे डोके अशी लक्षणे असतील तर शस्त्रक्रिया टाळू नये. दुर्बिणीने गाठीला छिद्र पाडतात किंवा शंट नावाची नळी बसवतात. नळी कधी तुंबते, मग पुन्हा शस्त्रक्रिया.

पण त्रासच नसेल तर? “काढून टाका, डॉक्टर!” हे आपण कुणासाठी म्हणतो? लेकरू तर अंगणात खेळत असते. त्याला विचारता येत नाही, म्हणून त्याची कवटी उघडायला आपली भीती हे कारण पुरेसे नाही. शेजारी म्हणतील, ‘काहीच करीत नाहीत’. म्हणू द्या. ठरल्या वेळी तपासणीला नेणे हेही करणेच आहे. डॉक्टरांना एवढे विचारून ठेवावे, की काय दिसताच रात्री-अपरात्रीही धाव घ्यायची.